ठरले बावीस, मागितले अडतीस: पुणे ते जळगाव घरसामान आणि मध्ये अडलेली गाडी

घरसामान हलवताना भांडणाची वेळ जवळजवळ ठरलेली असते. गाडी भरून झाली, ताडपत्री ओढली, दोर आवळले, फाळका लागला, की मग. तोवर "सर, टेन्शनच घेऊ नका" म्हणणारा माणूस फोन उचलेनासा होतो आणि दुसऱ्याच नंबरावरून नवा आकडा येतो.

पुण्याहून जळगावला टू बीएचके सामान. ठरलेलं भाडं २२ हजार. बुकिंगला ५ हजार, गाडी भरल्यावर १० हजार आणि उरलेले ७ हजार घरी सामान उतरल्यावर. गाडी मनमाड-मालेगाव करत धुळ्याला आली, आणि मुंबई-आग्रा रस्ता सोडून सुरत-नागपूर महामार्गाला लागायच्या आधीच उभी राहिली. आता एकूण ३८ हजार हवेत, नाहीतर सामान गोडाऊनला उतरवतो, गोडाऊनचं भाडं रोज वेगळं. जास्तीच्या १६ हजारांची फोड व्हॉट्सॲपवर आली ती अशी: सामान जास्त निघालं ६,०००, जीएसटी १८ टक्के ३,९६०, एन्ट्री व ई-वे बिल २,५४०, जळगावात छोटी गाडी व हमाली ३,५००.

असा हिशोब आला की आधी फोन ठेवायचा आणि पुढचं सगळं लेखी मागायचं. "फोनवर नीट ऐकू येत नाही, मेसेज करा" एवढं म्हणणं पुरतं. ही मंडळी आकडा लिहून द्यायला फारशी कचरत नाहीत, कारण समोरचा तो वाचून घाबरेल अशी त्यांची अटकळ असते. तोच मेसेज पुढे जिल्हा ग्राहक आयोगात पहिल्या पानाला लागतो.

आता फोड एकेक करून बघू, कारण चारही बाबी नेहमीच्याच आहेत आणि चारही वेगवेगळ्या कारणांनी लंगड्या आहेत.

"सामान जास्त निघालं." याचं उत्तर बुकिंग कसलं होतं यावर आहे. पूर्ण गाडी ठरवली असेल तर जास्त-कमी हा प्रश्नच उरत नाही; गाडीचे फूट ठरले, त्यात मावेल ते आपलं. वन आरकेचं सामान छोट्या हत्तीत बसतं, वन बीएचकेला पिकअप किंवा ४०७ लागते, टू बीएचकेला १४ फुटी आयशर साधारण पुरते, थ्री बीएचकेला १७ किंवा १९ फुटी. कोटेशनवर "पूर्ण गाडी, १४ फूट, बंद बॉडी" असं लिहून घेतलेलं असलं की ही बाब तिथेच संपते. पार्ट लोड असेल, म्हणजे एकाच गाडीत आणखी दोन-तीन घरांचं सामान, तर भाव घनफुटावर असतो आणि तिथे नगांची यादी लागते. "किचन सामान: ८ बॉक्स" ही यादी नव्हे. बॉक्सचं माप, कपाट किती दारांचं, पलंग कोणत्या मापाचा, हे लिहिलेलं हवं. गाडी भरल्यावर फाळका लावण्याआधी मागून एक फोटो काढायचा, नंबरप्लेट आणि आतलं सामान एकाच चौकटीत येईल असा. गाडीत मागे जागा मोकळी दिसत असेल तर "जास्त सामान" हा दावा त्या एका फोटोत आडवा होतो.

पार्ट लोडबद्दल एक मत इथेच सांगून टाकतो: चारशे-साडेचारशे किलोमीटरसाठी तो घेऊ नये. पैसे वाचतात, पण सामान मध्ये कुठल्यातरी गोडाऊनला उतरतं, दुसऱ्या गाडीत चढतं, आणि बहुतेक फुटतूट व हरवाहरव त्या चढउतारात होते. चढवणारी माणसं वेगळी, उतरवणारी वेगळी, जबाबदार कोणीच नाही.

"जीएसटी." कोटेशनवर जीएसटी क्रमांक छापलेला असतो. तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की धंद्याचं कायदेशीर नाव, मुख्य पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट दिसतं. क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गुजरात २४, मध्य प्रदेश २३. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर इंग्रजी 'पी' असेल तर मालक एकटा माणूस आहे, 'एफ' असेल तर भागीदारी, 'सी' असेल तर कंपनी. "प्रायव्हेट लिमिटेड" अशी पाटी आणि पॅनमध्ये 'पी', म्हणजे पाटी खोटी. क्रमांकच नसेल किंवा रद्द झालेला असेल तर कर मागण्याचा अधिकारच नाही. क्रमांक खरा असेल आणि कोटेशनवर "कर वेगळा" असं स्पष्ट असेल तर मात्र कर द्यावा लागतो, पण रीतसर टॅक्स इनव्हॉइस घेऊन. नुसती वाहतूक बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या माल घेतल्याच्या पावतीवर, असेल तर ५ टक्के आणि पॅकिंगपासून घरपोचपर्यंत एकत्र सेवा असेल तर १८ टक्के असा आकार सहसा लावतात. कोटेशनमध्ये एक, मागणीत दुसरा, असं झालं तर इनव्हॉइस मागितल्यावर मागणी बहुधा थंडावते.

"एन्ट्री व ई-वे बिल." ही शुद्ध थाप. वापरलेलं घरगुती आणि वैयक्तिक सामान जीएसटीच्या नियम १३८ च्या परिशिष्टात ई-वे बिलातून, म्हणजे मालवाहतुकीआधी ऑनलाइन काढायच्या कागदातून, वगळलेलं आहे. जकात आणि प्रवेशकर तर १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच इतिहासजमा झाले. सुरतेहून नंदुरबार-धुळ्याला येणाऱ्यांना नवापूरची हद्द दाखवून हे पैसे मागतात. राज्य ओलांडलं तरी नियम तोच. सामानात नवीन, पेटीबंद, बिलासह फ्रिज किंवा टीव्ही असेल तर तो "वापरलेला" नसतो, म्हणून त्याचं बिल चालकाजवळ द्यावं. टोल मात्र खरा असतो. तो भाड्यात धरलाय की नाही हे आधीच लिहून घ्यायचं.

"छोटी गाडी व हमाली." चारांपैकी हीच एक बाब कधीकधी खरी निघते. धुळ्याच्या नंबरांच्या गल्ल्यांत किंवा जुन्या जळगावात १७ फुटी आयशर शिरत नाही, हे तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि कंपनीला ते सांगणं आपल्याच फायद्याचं. बुकिंगच्या वेळी पत्त्यासोबत रस्त्याची रुंदी, मजला, लिफ्ट आहे की नाही, लिफ्टमध्ये कपाट मावतं की जिन्यानं न्यावं लागेल, आणि जड वाहनांना दिवसा बंदी असेल तर ती कोणत्या वेळेत, एवढं मेसेजवर पाठवून "दर यासह आहे ना?" असं विचारून ठेवलं, आणि "हो" आलं, की साडेतीन हजार कटले. वाराई (माथाड्यांना द्यायचा चढउतारीचा आकार) आणि हमाली कोणाकडे हेही त्याच मेसेजात.

रस्त्याचं निमित्तही निघतं. पुण्याहून छत्रपती संभाजीनगर-सिल्लोड-अजिंठा करून जळगावला येता येतं, किंवा मनमाड-मालेगाव-धुळे करून. संभाजीनगर-चाळीसगाव-धुळे हा तिसरा रस्ता; त्यावरच्या कन्नडच्या औट्रम घाटात जड वाहनांना बंदी घातल्यापासून "घाट बंद, फेरा पडला, डिझेल द्या" ही तऱ्हा रुळली आहे. कोणत्या रस्त्यानं जायचं हे कंपनीनं ठरवायचं असतं. फेरा पडला तर तो तिचा खर्च.

आता मुख्य मुद्दा. ठरलेलं भाडं बाकी असेल तर तेवढ्यापुरता माल धरून ठेवायचा हक्क वाहतूकदाराला आहे. तो ठरलेल्या रकमेपुरताच; मागाहून सुचलेल्या रकमेसाठी नाही. म्हणून "एक पैसा देणार नाही, काय करायचं ते कर" असं रागानं लिहिणं हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य. त्यानं समोरच्याला धरून ठेवायचं कारण आपल्याच हातानं दिलं जातं. लिहायचं ते उलट:

"बिल्टी क्रमांक अमुक, गाडी क्रमांक तमुक. ठरलेलं भाडं २२,००० रुपये, पैकी १५,००० दिले. उरलेले ७,००० रुपये जळगावच्या पत्त्यावर सामान उतरताच देण्यास मी तयार आहे, रक्कम खात्यात आहे. याशिवाय कोणतीही रक्कम ठरलेली नाही. सामान आज सायंकाळी ६ पर्यंत पोचवावे. न पोचवल्यास होणाऱ्या नुकसानीस व गोडाऊनच्या खर्चास आपण जबाबदार राहाल."

हा मेसेज बुकिंग घेणाऱ्याला, मालकाला आणि चालकाला, तिघांना. सोबत ईमेल, आणि खात्यातली शिल्लक दाखवणारा स्क्रीनशॉट जपून ठेवायचा. या क्षणापासून माल अडवून धरण्याला कायदेशीर आधार उरत नाही, आणि पोलिसांपुढेही आपली बाजू "पैसे बुडवणारा" अशी दिसत नाही.

मग चालकाशी बोलायचं, शांतपणे. फोनवर ज्यानं भाव ठरवला तो बहुधा नुसता दलाल असतो. ऑनलाइन चौकशी एका ठिकाणी केली तरी पाच-दहा फोन येतात ते यामुळेच; चौकशी विकली जाते, घेणारा सगळ्यात कमी भाव सांगतो, आणि मग बाजारातून गाडी करतो. गाडी दुसऱ्याची, चालक तिसऱ्याचा, पॅकिंगची पोरं चौथ्याची. कित्येकदा आपले १५ हजार दलालाच्या खिशात असतात आणि गाडीवाल्याला डिझेलपुरतंच काहीतरी मिळालेलं असतं. त्याची अडचण खरी असते. "दादा, तुमचं भाडं किती ठरलंय आणि किती बाकी आहे?" हा प्रश्न विचारला की गाठ कुठे आहे ते कळतं. चालकाची बाकी आपल्या उरलेल्या ७ हजारांत बसत असेल तर ती थेट त्याला यूपीआयनं द्यावी, "बिल्टी क्रमांक अमुकच्या भाड्यापोटी" असं नोंदवून, आणि त्याच्याकडून "मिळाले, आता माझी काही बाकी नाही" एवढा आवाजी मेसेज घ्यावा. दलालाशी भांडण नंतर, सामान घरात आल्यावर. खानदेशात गाडीवाला गाठणं तसं अवघड जात नाही: एमएच १९, १८ किंवा ३९ (जळगाव, धुळे, नंदुरबार) पासिंगची गाडी असेल तर तो इथलाच, आणि इथल्या माणसाला इथे परत तोंड दाखवायचं असतं. गाडी ठरवताना हे बघायला हरकत नाही.

त्यातली एक उपजात म्हणजे परतीची गाडी. रावेर-यावलकडून केळी घेऊन गेलेली गाडी रिकामी परत येण्यापेक्षा घरसामान स्वस्तात घेते. भाव खरोखर कमी पडतो. पण बॉडी बहुधा उघडी असते आणि फळ्यांना केळीचा चीक लागलेला असतो. तो चीक गादीला, उशीला किंवा सोफ्याच्या कापडाला लागला की काळपट तपकिरी डाग पडतो, आणि तो धुऊन निघत नाही. अशा गाडीत आधी खाली जुनी ताडपत्री, वर गोणपाट, मग सामान. वर दुसरी ताडपत्री धड आहे का हे उन्हाकडे धरून बघायचं, भोकं लगेच दिसतात.

चालकानं ऐकलं नाही, किंवा दलालानं त्याला "हलायचं नाही" अशी ताकीद दिली असेल, तर ११२. गाडी जिथे उभी आहे तिथलं ठाणं यात लवकर कामाला येतं. ठाण्यात पहिलं वाक्य ऐकू येतं, "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." त्यावर वाद न घालता लेखी अर्ज पुढे ठेवायचा. वाहतुकीसाठी सोपवलेला माल वाहतूकदारानं अप्रामाणिकपणे अडकवला किंवा त्याची परस्पर विल्हेवाट लावली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(३) लागतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. माल अडकवून, धाक दाखवून पैसे उकळणं हे कलम ३०८ मध्ये बसतं. १ जुलै २०२४ च्या आधीच्या व्यवहाराला जुनी भारतीय दंड संहिता, तिथे वाहतूकदाराचं कलम ४०७. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे न बघता कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार. म्हणजे आपण जळगावात असू तर जळगावातही. ठाण्यानं घेतलं नाही तर तोच अर्ज टपालानं पोलीस अधीक्षकांकडे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरायची नाही.

गुन्हा पहिल्या झटक्यात नोंदवला जाईल अशी आशा ठेवू नये. पण ठाण्यातून चालकाला एक फोन गेला तरी गाडी हलते, असं बरेचदा घडतं. गाडीचा पुढचा धंदा खोळंबलेला असतो. वेळ जितका आपला जातो तितकाच त्याचाही.

तरीही नाहीच हलली, घरात लहान मूल आहे, औषधं त्या सामानात आहेत, अशी वेळ असेल तर पैसे द्यावेत. यात कमीपणा नाही. फक्त रोख द्यायचे नाहीत. बँकेतून किंवा यूपीआयनं, आणि देण्याआधी मेसेज: "माल अडवून धरल्यामुळे, हरकत नोंदवून, नाइलाजानं १६,००० रुपये देत आहे. ही रक्कम परत मागण्याचा हक्क राखून ठेवला आहे." यूपीआय करताना पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा. कंपनीचं नाव खोटं निघालं तरी खातेदाराचं नाव बँकेच्या नोंदीतलं असतं, आणि तक्रारीत प्रतिपक्ष कोणाला करायचं याचं उत्तर कित्येकदा तिथेच सापडतं. बुकिंगचे पैसे घेऊन गाडीच आली नाही, फोन बंद, असा प्रकार असेल तर तो वाहतुकीचा वाद नसून सायबर फसवणूक आहे. लगेच १९३० वर कळवायचं, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच गोठवता येते.

गाडी दारात आली की घाई सुरू होते. पोरांना परत जायचं असतं, चालक हॉर्न वाजवतो, आणि हमाल म्हणतो, "सही करा साहेब, मग उतरवतो." सही शेवटी. उतरवायला सुरुवात करण्याआधी मोबाइल एका जागी टेकवून सलग व्हिडिओ चालू करायचा: आधी नंबरप्लेट, मग दोर आणि ताडपत्रीची अवस्था, मग एकेक नग बाहेर येताना. यादी हातात, प्रत्येक नगावर टिक. पोचपावतीवर "माल सुस्थितीत मिळाला" असं आधीच छापलेलं असतं, ते खोडून त्याखाली लिहायचं: "४२ पैकी ३९ नग मिळाले, ३ कमी. टीव्हीचा पडदा तडकलेला. कपाटाचं डावं दार वाकलेलं. बंद बॉक्स उघडून पाहिलेले नाहीत." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण फुटलेली कपबशी तिसऱ्या दिवशी सापडते. लिहू देत नसतील तर लिहू देत नाहीत हे व्हिडिओत बोलायचं आणि तेच त्याच मिनिटाला मेसेज करायचं.

काय फुटतं आणि का, याचाही पॅटर्न आहे. टीव्ही आडवा ठेवला की पडदा जातो. तो उभाच, दोन गाद्यांच्या मध्ये. समोरून कपडे टाकायच्या वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट (प्रवासात ड्रम घट्ट धरणारे) लावले नाहीत तर ड्रम आतल्या आत आपटून निकामी होतो, बाहेरून ओरखडाही नसतो. म्हणून मशीन उतरवल्यावर एक रिकामी फेरी चालवून आवाज रेकॉर्ड करायचा. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, बर्फ काढून, कोरडा करून उभाच न्यायचा आणि उतरवल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू करायचा. पुस्तकांचा मोठा बॉक्स भरला की तळ सुटतो; पुस्तकं लहान, पाच पदरी बॉक्समध्येच. ताटल्या आडव्या रचल्या की वरच्या वजनानं खालच्या जातात, उभ्या रचल्या की टिकतात.

लाकडी सामानाचं नुकसान आमच्याकडे वेगळ्याच कारणानं होतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४४-४५ अंशांवर असतं, आणि बदल्यांचा हंगामही नेमका तेव्हाच: भुसावळची रेल्वे, दीपनगरचं वीज केंद्र, वरणगावची आयुध निर्माणी. बंद पत्र्याच्या बॉडीत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता साठते. पॅकिंगची पोरं पॉलिश केलेल्या लाकडावर थेट पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळतात. उष्णतेनं ती पॉलिशला चिकटते आणि काढताना पॉलिशसकट सोलून येते, दारावर सापाच्या कातीसारखे पट्टे राहतात. आधी जुनी चादर किंवा पुठ्ठा, त्यावर फिल्म. पोरं कंटाळा करतात. उभं राहून करून घ्यावं लागतं.

आणि खापर. मांड्याचं खापर, म्हणजे ज्यावर मांडे भाजतात ते मातीचं भांडं, हे कंपनीच्या यादीत "मातीचं भांडं, मालकाच्या जोखमीवर" असं लिहिलं जातं आणि बबल रॅपच्या दोन फेऱ्यांत बांधून पातेल्यांच्या बॉक्समध्ये टाकलं जातं. ते असं जात नाही. धान्याची पत्र्याची कोठी घ्यायची, तळाला गोणपाटाच्या तीन-चार घड्या, त्यावर खापर तोंड खाली करून, पोटात जुन्या साड्या ठासून, आणि कडेनं चारही बाजूंनी उशा किंवा गोधड्या. वर काहीही जड नाही. खापर फुटतं ते वरून दाब आल्यानं कमी आणि कडेला पत्रा लागून जास्त. शक्य असेल तर ते आणि लोणच्याची बरणी आपल्यासोबत गाडीत, मांडीवर. सोनं, कागदपत्रं आणि औषधंही तशीच. भरलेला गॅस सिलिंडर गाडीत चढवायचाच नाही. एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं.

"मालकाच्या जोखमीवर" या शिक्क्यानं मात्र घाबरायचं कारण नाही. रस्त्यानं माल वाहण्याचा कायदा २००७ चा आहे आणि १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्याप्रमाणे नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती आणि सरकारी बंदी एवढी कारणं सोडली तर नुकसानीला वाहतूकदार जबाबदार, आणि त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर नाही. या धंद्याला नोंदणी लागते, दलाल आणि बुकिंग एजंटही त्यात येतात. "तुमचा वाहतूकदार नोंदणी क्रमांक काय?" असं बुकिंगच्या वेळीच विचारलं की फोनवरचा गोड आवाज जरा खाली येतो. एक मेख ध्यानात ठेवावी: नियमांप्रमाणे जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित असते आणि माल देताना जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. भाडं २२ हजार तर कमाल २ लाख २० हजार. पण कागदावर "घरसामान, किंमत १०,०००" असं कोणी खरडलं असेल तर दहा हजारच. किंमत आपण स्वतः लिहायची. सामान त्याहून महाग असेल तर जास्त जोखमीचा दर भरून तसं लिहून घ्यायचं.

विम्याच्या नावानं सामानाच्या किमतीच्या काही टक्के घेतात, तो बहुतेक वेळा विमा नसतोच. कंपनीनं स्वतःच छापलेला एक कागद असतो. विमा कंपनीचं नाव, पॉलिसी किंवा प्रमाणपत्राचा क्रमांक आणि प्रवासाच्या तारखा, हे तीन नसतील तर पैसे द्यायचे नाहीत. असतील तर फक्त अपघात-आगीपुरता आहे की चढउतारातली फुटतूटही धरली आहे, आणि आपण स्वतः बांधलेले बॉक्स वगळलेत का, एवढं बघायचं.

यानंतरची कामं कागदी आहेत आणि त्यांना मुदती आहेत. वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत जायला हवी. ती गेली नाही तर दावा तिथेच अडतो. ही मुदत सामान मिळाल्यापासून मोजत नाहीत, बुकिंगपासून मोजतात, आणि लोक इथेच चुकतात. नोटिशीला वकील लागत नाही. बिल्टी, ठरलेली रक्कम, दिलेली रक्कम, अडवणुकीची तारीख-वेळ, हरवलेल्या व फुटलेल्या नगांची यादी व किंमत, मागणी, आणि पंधरा दिवसांची मुदत. स्पीड पोस्टानं, पोच घेऊन, जीएसटी पोर्टलवर दिसणाऱ्या पत्त्यावर. पाकीट "पत्ता सापडत नाही" म्हणून परत आलं तर ते फोडायचं नाही, तसंच जपायचं. बंद पाकीट हाच पुरावा.

दरम्यान १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मोठ्या नावाची कंपनी असेल तर इथेच मिटतं. दलाल असेल तर उत्तर येत नाही, पण तक्रार क्रमांक फाइलला लागतो.

मग जिल्हा आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ची सोय अशी की तक्रार आपण राहतो तिथे करता येते. कंपनी पुण्याची, गाडी अडली धुळ्यात, तरी तक्रार जळगावच्या आयोगात. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि घरसामानाचं भाडं त्याच्या वर जात नाही. मुदत दोन वर्षं. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर मोबाइलनं नोंदणी करून तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि पुरावे पीडीएफमध्ये चढवायचे. व्हॉट्सॲपच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं, म्हणजे "हे मेसेज खोटे" या आक्षेपाला वाव राहत नाही. प्रतिपक्ष तिघे: धंद्याचा मालक त्याच्या स्वतःच्या नावानं, बुकिंग घेणारा एजंट, आणि गाडीमालक. नुसत्या पाटीच्या नावावर तक्रार केली की आदेश मिळतो, पण तो बजावायचा कोणावर हे कळत नाही.

नुकसान मांडताना सहा वर्षं वापरलेल्या टीव्हीची नव्याची किंमत मागू नये. खरेदीचं बिल, त्याचं वय, आणि दुरुस्तीवाल्याचं लेटरहेडवर लिहून घेतलेलं अंदाजपत्रक, एवढ्यावर आकडा उभा राहतो. हरकत नोंदवून दिलेले १६ हजार, सामान नसताना झालेला लॉजचा खर्च, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च, हे वेगवेगळे मांडायचे. प्रतिपक्षाला उत्तराला ३० दिवस, वर फार तर १५. निकालाला कायद्यात तीन महिने लिहिलेत; प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. व्हिडिओद्वारे हजर राहण्याची मागणी करता येते.

आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज. ७२ मध्ये किमान एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड आहे, आणि त्याचं समन्स गेलं की आजवर न लागणारे फोन लागू लागतात. बहुधा त्याही आधी, पहिल्या तारखेच्या सुमाराला, "भाऊ, मिटवून टाकू, आधी केस मागे घ्या" असा निरोप येतो. मिटवायला हरकत नाही. रक्कम आधी खात्यात जमा होऊ द्यायची, मग आयोगासमोर तडजोडीची पुरसिस (लेखी निवेदन) द्यायची, आणि तीत जमा झालेल्या रकमेचा व्यवहार क्रमांक लिहायचा. चेक घेऊन पुरसिस देऊ नये. चेक वटेपर्यंत पुढची तारीख मागून घ्यावी, ती मिळते.